सही राहिलेलं पान

दुपारी भाजी निवडत होते, तेव्हा सुजाताच्या भावाचा फोन आला. “शाहीनताई, बाई गेली.” सुजाताच्या किडन्या दोन वर्षांपासून कुरकुरत होत्या, त्यामुळे धक्का बसला असं म्हणणार नाही. राग आला. डॉक्टर पाण्याचं नाव घेत नाहीत, पण मी घेते. अन् आणखी एका माणसाचं नाव घ्यावंसं वाटतं… ते लिहीत नाही. ही पुरवणी ते दर रविवारी वाचतात, ओळखतील बरोबर.

सुजाता अन् मी घाटंजीच्या शाळेत नववीला एका बाकावर. माझ्या अब्बांचं बाजारात सायकल दुरुस्तीचं दुकान. ती आठ किलोमीटरवरच्या गावातून एसटीनं यायची. कापसाची ती वाईट वर्षं. दिवाळी झाली की निम्मा वर्ग वेचणीला जायचा अन् परत आला की दुसऱ्याच्या वहीतून प्रयोग उतरवायचा. विज्ञानाच्या सरांना हे चालायचं, कारण त्यांची पद्धतच उलटी. आधी फळ्यावर निष्कर्ष लिहायचा, मग वेळ उरला तर प्रयोग. त्या आठवड्याचा प्रयोग होता पाण्याचे गुणधर्म. सर म्हणाले, “उद्या प्रत्येकानं घरचं पाणी आणा.” म्हणायची एक रीत, दुसरं काय! आम्ही सगळ्यांनी शाळेच्या टाकीवर बाटल्या भरल्या. हिनं मात्र गावच्या हातपंपाचं पाणी आणलं, एसटीत मांडीवर धरून.

फळ्यावर लिहिलं होतं, पाणी रंगहीन, गंधहीन, चवहीन असते. आम्ही उतरवून मोकळे झालो. सुजातानं बोंडांनी ओरबाडलेल्या बोटांनी वहीत लिहिलं ते असं: “चव मचूळ. साबणाला फेस येत नाही. डाळ शिजत नाही. वाटीत आटवले तर तळाला पांढरा थर राहतो. हे पाणी पिणाऱ्या मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग आहेत, माझ्याही.” मी कोपरानं ढोसलं. “काय वं, मार खातं का?” तर म्हणे, “सरनं निरीक्षण लिवा म्हटलं ना? मग? मी पाह्यलं थे लिवून राह्यली.”

सरांनी पान वाचलं, लाल पेननं आडवी रेघ मारली अन् खाली काहीतरी खरडलं. मग तेच वर्गाला ऐकवलं, “पाण्याला चव नसते. आधी दात घास, मग शास्त्रज्ञ हो.” वर्ग फिदीफिदी हसला. मीसुद्धा हसले… हे लिहायला मला इतकी वर्षं लागली. त्या दिवसापासून सुजाता तोंडावर ओढणीचं टोक धरल्याशिवाय हसली नाही, स्वतःच्या लग्नातही नाही. सरांनी पान पुन्हा लिहून आणायला सांगितलं, तिनं आणलं नाही. ‘शिक्षकांची सही’ ही चौकट कोरी राहिली अन् प्रात्यक्षिकाचे गुण गेले.

पण पोरगी खमकी होती. पुढे गावोगावच्या हातपंपांचं पाणी बाटल्यांत भरून यवतमाळच्या प्रयोगशाळेत पाठवायचं काम तिला मिळालं. तिच्या गावच्या पंपाचं पाणी पिण्यालायक नाही, असा कागद आला तेव्हा पंपाच्या दांड्याला लाल रंग तिनंच फासला. तोवर गावातल्या दोन पिढ्यांनी ते पाणी पिऊन घेतलं होतं. सरांनी ते पान नुसतं पुढे पाठवलं असतं तर? माझी रोजची झोप या प्रश्नानं खाल्ली आहे.

शेवटची भेट दवाखान्यात झाली. उशाखालून तीच वही काढून म्हणाली, “ठेव तुयापाशी. सर भेटले त सही घेजो. मी खोटं नोतं लिवलं, येवढंच.” मी शब्द दिला.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारातल्या शोकसभेला सर आले. माईक हातात घेऊन म्हणतात, “सुजाता माझी लाडकी विद्यार्थिनी. पाणी तपासायला तिला मीच शिकवलं.” माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. उठले अन् वही त्यांच्यापुढे उघडली. “सर, एवढं पान वाचा. सही राहिली आहे.” त्यांनी चव वाचली, साबण वाचला, डाळ वाचली. दातांपाशी थांबले. मी म्हटलं, “खालचं लालही वाचा, तुमचंच अक्षर आहे.” पहिल्या रांगेत सुजाताची आई बसली होती, तेच डाग दातांवर घेऊन. सरांनी तिच्याकडे पाहिलं, माईक खाली ठेवला अन् घाईघाईनं खिशातून पेन काढलं. असं गुपचूप सुटू देते की काय! मी वही ओढून घेतली.

बाहेर तिची आई म्हणाली, “पोरी, तिले सही पायजे होती. तू काहून वापस घेतली?” शब्द सुजाताला दिला होता, अन् सूड मी माझा घेतला. तरी पस्तावा होत नाही, काय करू?

वही माझ्या टेबलावर आहे. चौकट अजून कोरीच आहे. सर, घर तुम्हाला माहीत आहे, अब्बांच्या दुकानामागे. दिवसाढवळ्या या. तिच्या आईला बोलावून घेईन. तिच्यासमोर ती लाल ओळ मोठ्यानं वाचा, मग सही करा. पेन मी देते.