पट्ट्यातली हळद

साताऱ्याच्या दुकानदाराने वडिलांचं सेलवरचं घड्याळ माझ्या हातात ठेवलं. "पट्ट्यात पिवळा मळ लय बसला होता, ताई. सगळा काढला." मी ते नाकाशी नेलं. साबणाचा वास आला आणि माझं डोकंच फिरलं. वडील गेल्यापासून बंद पडलेलं ते घड्याळ फक्त चालू करा, एवढंच मी सांगितलं होतं.

वडील सांगलीत हळदीचे अडते होते, शेतकऱ्यांचा माल विकून द्यायचे. सौद्याला ते आणि व्यापारी टॉवेलखाली हात धरायचे आणि बोटं दाबून भाव ठरवायचे. लहानपणी एकदा मी सोबत गेले होते. टॉवेलखालचं काही दिसेना म्हणून फुगून बसले होते. सौदा झाला, वडिलांचा हात बाहेर आला. त्या महागड्या सोनेरी पट्ट्याच्या कडीकडीत हळद भरली होती.

"आवं, एवढं भारी घड्याळ, धुवा की," व्यापारी म्हणाला.

"कशाला? उद्या परत हळदच हाय," वडील हसले.

तेव्हा मला टॉवेलखालचं गुपित हवं होतं. आज ते पिवळं मनगट हवंय.

"नव्यासारखं झालं ना?" दुकानदार कौतुकाची वाट बघत होता.

"काढलेलं कुठं टाकलंत?" मी विचारलं.

त्याने बेसिनकडे बोट दाखवलं.