लहरींच्या मधे धरलेला हात

मायक्रोवेव्हमध्ये आमटी तापायला लागली की घरातलं वायफाय अडखळतं, आणि मला सोलापूरच्या कॉलेजातली प्रयोगशाळा आठवते. रेडिओ स्पेक्ट्रमच्या वरच्या टोकाला, इन्फ्रारेडच्या अलीकडे, सरांनी फळ्यावर मायक्रोवेव्ह दाखवल्या. प्रयोगाचं यंत्र मात्र फक्त मुलांच्या हाती दिलं. मी पुढं झाले तर म्हणाले, "तुला मायक्रोवेव्ह स्वयंपाकघरातच वापरायचाय की!"

वर्ग हसला. माझे कान तापले. लहरी सोडणारा आणि पकडणारा अशा दोन कर्ण्यांच्या मधे मी सरळ तळहात धरला. लहरी अडल्या आणि मीटरचा काटा खाली आला.

"मधे कोण आलं?" सर ओरडले.

"मी. आता प्रयोगही मीच करणार."

आणि केला. कान तापलेलेच होते. तेव्हा वाटलं, लाजेनं. आज कळतं, तो राग होता. अजून निवलेला नाही.