हे पुस्तक आपण आधी नेले आहे

आमच्या गावचं वाचनालय म्हणजे तलावाच्या पाळीजवळची एक खोली. किल्ली माझ्याकडे. शाळा मी फारशी पाहिली नाही, पण कॉम्प्युटर मात्र शिकले बरं. पहिलं सॉफ्टवेअर एका कंपनीचं होतं. त्यात सभासद ठरावीकच मावायचे. वाढवायचे तर कंपनीला विचारा, नाव बदलायचं तरी कंपनीला विचारा. मग आम्ही काय करायचो, कोणी वारलं की त्याच्या जागेवर नवा माणूस बसवायचो. पडद्यावर नाव जुनंच. तेव्हा आम्हाला त्याचं हसू यायचं.

तलावात मासे धरणाऱ्या एकाची बायको तापानं गेली. फार वाचायची ती. पुढं त्यानं दुसरी केली, तीही वाचणारी निघाली. जागा एकच रिकामी होती, पहिलीची. एकाच घरचं तर आहे, म्हणून मी तीच दिली.

पहिल्याच दिवशी पडद्यावर आलं, ‘हे पुस्तक आपण आधी नेले आहे. पुन्हा द्यायचे?’ ती हसली. पुढच्या खेपेला तेच. मग दर खेपेला तेच. भिंतभर पुस्तकं, पण हिचा हात जाईल ते पहिलीनं नेलेलंच.

एका दुपारी हळूच म्हणाली, “मावशी, वाचता वाचता पुढं काय होते ते मले आधीच समजते.”

“कहाण्या सगळ्या सारख्याच रायतात वो बाई.”

“तसं नाही. घरी सासू मले तिच्याच नावानं हाक मारते. पहिले चुकून मारे. आता माह्या तोंडून ओ बी निघते. इथं तरी माह्यं नाव लावा.”

माझी लेक मोहाडीला कॉलेजात ग्रंथपाल आहे. ती म्हणाली, “आई, ओपन सोर्स सॉफ्टवेअर घे. फुकट आहे, सभासद कितीही ठेव, कोणाला विचारायचं काम नाही.” समितीवाले कुरकुरले, की बिघडलं तर फुकटच्याला कोण येईल धावून? मी हट्टच धरला. जुन्या नोंदी मात्र कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून निघेनात. पुस्तकं नव्यानं चढवली. कोणी काय वाचलं, ते तिकडंच राहिलं.

तिचं नाव मी स्वतः टाइप केलं, मोठ्यानं वाचून दाखवलं. ती खुशीत रॅककडे गेली आणि खालच्या फळीवरचं एक जाड पुस्तक घेऊन आली.

मी ते ओळखलं. पहिली गेली तेव्हा हेच अर्धं वाचून तिच्या उशाशी होतं. मागाहून नवऱ्यानं परत आणून दिलं होतं.

पडदा काहीच बोलला नाही. ती वाट पाहत उभी.

“कोणी नेलं नाही ना हे?”

“नाही वो. तूच पहिली.”

तिनं पुस्तकावरून हात फिरवला. “मंग मधात पान कोणं मुडपलं, मावशी?”

पुस्तक अजून मिटलेलंच होतं. मी काही उघडून पाहिलं नाही.