कांदा कोणी परतला

भांडखोर म्हणून माझं नाव माहेरीही होतं आणि सासरीही. रेशनच्या रांगेत कोणी मध्ये घुसलं की आधी माझाच आवाज निघायचा. आणि अशी मी, एका हॉट डॉगच्या स्टॉलपायी आठ दिवस तोंडाला कुलूप लावून बसले होते. आज आठवलं तरी माझा मलाच राग येतो.

आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली असतील. नागपूरच्या बाहेरच्या अंगाला एका कारखान्याच्या कॉलनीत आम्ही राहत होतो. नवरा तिथं फिटर. दोन खोल्या, मागे मोरी, आणि दोन घरांत मिळून एक नळ. नळापलीकडच्या घरात राहायची ती माझी मैत्रीण. तिचं माहेर उमरेडचं, मागावाल्या कोष्ट्यांचं. माझा आजोबाही मागावरच बसायचा, पण आमच्याकडे जाडंभरडं निघायचं आणि तिच्याकडे रेशीमकाठी. यावरून आम्ही एकमेकींना खूप चिडवायचो.

चार वर्षांत आमच्यात काय नाही झालं? तिच्या दुसऱ्या बाळंतपणात मेडिकलच्या दवाखान्यात दोन दिवस मी बसून होते. माझ्या पोराला गोवर निघाला तेव्हा तिनं माझं धुणंसुद्धा धुतलं. सासूच्या चुगल्या, नवऱ्याच्या तऱ्हा, सगळं त्या नळावर बोलून व्हायचं. तिच्या घरचा सावजी रस्सा मी नाक पुसत पुसत खायची. माझ्याकडून ती हिरव्या मिरच्या न्यायची, गूळ न्यायची, कच्चे तांदूळ न्यायची. कांदा तर रोजचाच. पण शिजलेलं काही नाही. वाटीभर भाजी पुढे केली की म्हणायची, राहू दे वं, आमचं जेवण झालं. सकाळी नऊ वाजताही तिचं जेवण झालेलं असायचं.

आम्ही बौद्ध. छप्पन्न साली माझ्या आईबापानं दीक्षा घेतली तेव्हा मी बापाच्या खांद्यावर होते. आम्ही आमचं जुनं सगळं सोडलं, शेजाऱ्यांनी त्यांचं काही सोडलं नाही. कच्च्या कांद्याला जात नव्हती, तेलात पडला की लागायची. हे कोणी बोलून दाखवत नसे, तीही नाही. आणि मी, जगाशी भांडणारी, तिच्याशी या गोष्टीवरून एकदाही भांडले नाही. भांडले असते तर मैत्रीण गेली असती, आणि मला ती पाहिजे होती. खरं सांगायचं तर मला एवढंच पाहिजे होतं, की तिनं एकदा माझ्या हातचं खावं.

त्या वर्षी कॉलनीत बायकांचा आनंदमेळा ठरला. मोठ्या साहेबांची बायको पुण्याकडची, नवऱ्याच्या ट्रेनिंगसाठी वर्षभर परदेशात राहून आलेली. आम्ही सगळ्या तिला मॅडम म्हणायचो. भेळ, पाणीपुरी, गुलाबजाम यांचे स्टॉल लगेच वाटले गेले. मॅडम म्हणाल्या, एक स्टॉल हॉट डॉगचा हवा. लांबट पाव, त्यात भाजलेलं सॉसेज, वर मंद आचेवर गोड केलेला कांदा आणि वितळलेलं चीज. ही कामगिरी त्यांनी आम्हा दोघींवर टाकली, कारण आम्ही कायम शेजारी शेजारी बसायचो.

नाव ऐकूनच कॉलनीत बोंब झाली. अर्ध्या बायकांना वाटलं, मॅडम आपल्याला कुत्रं खाऊ घालणार. हेडक्लार्कची बायको, तिला सगळ्या काकू म्हणायच्या, ती तर मुद्दाम साहेबांच्या बंगल्यावर जाऊन विचारून आली. सॉसेज नागपुरात आम्हाला कुठून मिळणार? मग मॅडमनं बकऱ्याच्या खिम्याचे बोटभर लांब मुटके करायचं ठरवलं, आणि ते त्यांचा स्वयंपाकी करणार होता. पाव सदरच्या बेकरीतून येणार होते. हे काकूंनी घरोघरी सांगितलं तेव्हा कुठे कुत्र्याचं प्रकरण मिटलं.

मेळ्याच्या आधीच्या रविवारी बंगल्यावर तालीम झाली. चीजचा डबा फुटला. मेहनतीचं चीज झालं असं आयुष्यभर ऐकत आले होते, डब्यातलं चीज त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. चव घेतली तर खारट साबण. पण तव्यावर पाव ठेवून, वर किसून, झाकण घातलं की ते असं काही पसरायचं की आम्ही दोघी वाकून बघत बसलो. कामाची वाटणी माझ्या मैत्रिणीनंच करून टाकली, मॅडमनं तोंड उघडायच्या आत. म्हणाली, ही कांदा चिरते, मी परतते. मला कळलं. मी विळी ओढली आणि चिरायला बसले.

मॅडम म्हणाल्या होत्या, कांदा छान गडद होऊ द्या. आता उमरेडच्या हाताला गडद म्हणजे काळा. तिनं गॅस फुल केला, तेल धूर निघेस्तोवर तापवलं, कांदा टाकला आणि दहा मिनिटांत कोळशाच्या रंगावर आणला. एवढ्यावर थांबली असती तर ठीक, पण हात सवयीनं कनवटीला गेला, तिथं पुडीत घरचा काळा मसाला होता, आणि तो चिमूटभर पडलासुद्धा. मॅडमनं एक घास घेतला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, बोलता येईना. माझी मैत्रीण घाबरून म्हणाली, तुम्हीच तर गडद म्हणाल्या होत्या. मी विळीवर बसून पदर तोंडात कोंबला.

दुसऱ्यांदाही तिनं जाळलाच. आच कमी ठेवायचा तिला धीर निघेना, सारखा हात गॅसच्या बटणावर. तिसऱ्यांदा मात्र मला बघवलं नाही. चांगला कांदा जळताना पाहून गप्प बसणं माझ्या रक्तात नाही. उठले आणि तिच्या हातातून उलथणं काढून घेतलं.

कांदा घाईत होत नाही, हे मला आईच्या भुशाच्या शेगडीनं शिकवलं होतं. आई बिड्या वळायची. शेगडीला आच अशी ती कितीशी, सकाळी कांदा चढवला की आईच्या दोन कट्टे बिड्या होईस्तोवर तो तसाच. मधून उठून एकदा हलवायचा, एवढंच. तसाच मी मॅडमच्या गॅसवर केला. थोडं लोणी, पातळ चिरलेला कांदा, आच अगदी बारीक. आधी त्याला पाणी सुटलं, मग तो काचेसारखा झाला, मग सोन्यासारखा, आणि तासाभरानं गुळाचा रंग आला. साखरेचा कण घातला नव्हता तरी गोड. मॅडमनं बोट घालून चाखला आणि म्हणाल्या, आता कांदा तुमच्याकडे. मला इतका आनंद झाला की लाज वाटली.

 परत येताना मैत्रीण आमच्या फाटकापाशी थांबली आणि हळूच म्हणाली, "सांगू नोको वं कोणाले. मी केला म्हणू. नाही तं कोणी खाईन नाही, तुह्यी मेहनत वाया जाईन."

वाईट मनानं नाही म्हणाली ती. माझ्या भल्याचंच बोलली. म्हणूनच ते इतकं लागलं. मी बरं म्हणून घरात शिरले. नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो जेवत होता. त्यानं घास खाली ठेवला. म्हणाला, तुझी मर्जी, पण मी तुझ्या स्टॉलवर येणार नाही. मी त्याच्यावरच खेकसले. भांडायचं होतं दुसऱ्याच कोणाशी.

मेळ्याच्या दिवशी सकाळी बंगल्यावर मोठं पातेलंभर कांदा मी केला. मैदानापर्यंत पातेलं तिनं उचललं, तिच्या घरचं पातेलं, म्हणजे लोकांना दिसायला बरं. स्टॉलवर ती पुढे उभी, पाव गरम करून भरून द्यायला. मी मागे विळीवर बसून कच्चा कांदा चिरत होते, निव्वळ देखाव्यासाठी. पहिल्या तासात लोक लांबून बघत होते. मग एका पोरानं खाल्ला, त्यानं दुसऱ्याला ओढून आणलं, आणि बघता बघता पाणीपुरीवाल्या बायका आमच्याकडे रागानं बघायला लागल्या. जो तो कांद्याचंच बोलत होता. कांदा काय झालाय वं, असा कसा केला. माझी मैत्रीण हसून मान हलवायची आणि मधूनच मागे वळून माझ्याकडे बघायची. मी विळीवरून नजर उचलत नव्हते.

गर्दी थोडी सरली तेव्हा मी तिला म्हटलं, तू पण एक खाऊन घे. म्हणाली, मले उपास आहे. तिचा उपास शुक्रवारचा. त्या दिवशी रविवार होता.  माझे हात थांबले, कांदा तसाच विळीच्या पात्यावर अर्धा.

तेवढ्यात काकू आल्या, सोबत आणखी तिघी. काकूंचा हा दुसरा हॉट डॉग. अर्धा खाल्लेला हातात धरून त्या माझ्या मैत्रिणीला म्हणाल्या की मुली, हाताला चव असावी तर अशी. अशी चव शिकवून येत नाही, ती घराण्यातच लागते.

बस. माझी आई आठवली, तिची शेगडी आठवली, तिचे तंबाखूनं पिवळे पडलेले हात आठवले. मी उठून पुढे आले. आवाज चढवायचं ठरवलं होतं, पण तो चढलाच नाही.

"काकू, कांदा मी केला. चिरला मी आन् परतला बी मीच."

काकूंचा चघळणारा जबडा थांबला. तोंडातला घास त्यांनी गिळला की नाही मला कळलं नाही. उरलेला अर्धा त्यांनी टेबलावर ठेवला, नीट, कागदासकट. सोबतच्या एकीनं हातातला पाव पोराला दिला, दुसरीनं त्या पोराच्या हातून तो काढून घेतला. मग काकू माझ्याकडे न बघता माझ्या मैत्रिणीला म्हणाल्या, तुला हे माहीत होतं? ती हो म्हणाली. तरी तू खाल्लास? काकूंनी विचारलं.

मी तिच्याकडे बघितलं. तिच्या कपाळावर घाम होता. तव्याचाही असेल. तिची सासू समोरच गुलाबजामच्या स्टॉलवर होती आणि कान इकडेच. ती नाही म्हणाली असती तर मला नवल वाटलं नसतं. नाही, हेच खरं होतं.

"खाल्ला न," ती म्हणाली. "दोन खाल्ले."

काकू गेल्या, बाकीच्या त्यांच्या मागे. समोर तिची सासू पळी हातात घेऊन तशीच उभी. स्टॉलसमोर आता फक्त पोरं उरली होती, आणि पोरांना काय, ती चीज कधी वितळतं ते बघत होती.

आम्ही दोघी उभ्या. मला तिला मिठी मारावीशी वाटली आणि तेवढीच एक ठेवून द्यावीशीही वाटली. सगळ्या कॉलनीसमोर ती माझ्यासाठी बाटली होती, आणि प्रत्यक्षात तिनं कणभर तोंडात घातला नव्हता. माझ्या बाजूनं खोटं बोलणं तिला जमलं, माझा घास जमला नाही. याला काय म्हणायचं? उपकार म्हणू की अपमान, मला तेव्हा ठरवता आलं नाही.

मी तव्यावर पाव टाकला. खिमा ठेवला, पातेल्यातला कांदा भरपूर घातला, चीज किसलं, झाकण ठेवलं.  कागदात धरून तिच्यापुढे केला.

"दोन झाले म्हणतेस न," मी म्हटलं. "मंग हा तिसरा घे."

तिनं सासूकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता म्हणेल, आमचं जेवण झालं. तिनं पाव घेतला, दोन्ही हातांनी, आणि तिथंच, तव्याच्या धुरात, सगळ्यांच्या देखत चावा घेतला. पहिला घास खूप वेळ तोंडात फिरला. मग दुसरा. तिसऱ्या घासाला ती जेवणाऱ्या माणसासारखी खायला लागली, आणि चौथा तोंडात असतानाच थांबली. भुवया जवळ आणून, रश्श्याची चव बघताना करायची तसं तोंड करून म्हणाली,

"कांद्यात मीठ कमी पडलं वं."

मी पातेल्यात बोट घालून बघितलं. खरंच कमी होतं. सकाळपासून शंभर लोकांनी वाहवा केली होती, कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. चार वर्षांत माझ्या रांधण्याला तिनं पहिल्यांदा नाव ठेवलं, आणि मी, जगाशी भांडणारी बाई, तव्यावर पाणी पडेल इतकी रडले.