रिकाम्या जात्याचा आवाज

माझ्या मावससासूला देऊळघाटातल्या साऱ्यांची पोटं ऐकू येत, असं म्हटलं तर तुम्ही हसाल. पण आम्ही सुना हसत नव्हतो, तिला पाहून भाकरीची टोपली झाकत होतो. वऱ्हाडचा कारभार नागपुरातून चाले तेव्हाची गोष्ट. पाऊस दगा देऊन गेलेला, तूर महागलेली. ही बाई कोणाला "बरी हायेस का" असं विचारायचीच नाही. पोर दिसलं की "जीभ दाखव बे!" आणि मग त्याच्या आईला, "दाळ नाही शिजली वं तुह्या घरी." खरं निघायचं! एकदा तर बोहल्यावरच्या नवरदेवाचा हात हुंगून म्हणाली, "याच्या घरी वरणात पाणीच लय." मुलीच्या बापाच्या अक्षता मुठीतच राहिल्या. बाया तिला चेटकीण म्हणत. ती एकटी राहायची, आमच्या भिंतीला भिंत लावून, आणि पहाटे गावभर जाती घरघरू लागली की ओट्यावर डोळे मिटून बसायची.

अशाच एका पहाटे तिनं माझं मनगट धरलं. हात रांजणासारखा गार. "आयकून राह्यली का? गंगूचं जातं रिकामं फिरून राह्यलं."

गंगू म्हणजे समोरची ओली बाळंतीण. नवरा खामगावला कापसाच्या जिनात कामाला. मी म्हटलं, "काहीतरीच, मावशी! ओवी तर कशी खणखणीत म्हणून राह्यली."

"म्हणूनच. दाण्यावर जातं जड बोलते. हा गोटा गोट्याले खाऊन राह्यला. शेजाऱ्याईले कळू नये म्हणून."

मी तिथंच कान देऊन ऐकत राहिले. मावशी मात्र सुपात ज्वारी अन् तूर घेऊन गंगूच्या दारात. "गंगू, माह्यं जातं बिघडलं वं. दळून दे, अर्धं तू ठेव." मग ते जातं बिघडलेलंच राहिलं, आणि गंगूच्या पोरानं बाळसं धरलं.

पुढं गंगूच्या नवऱ्याचे पैसे आले. आणि एका पहाटे मावशीच्या घरातून घरघर आली, सोबत मोठ्यानं ओवी! मावशीनं जन्मात ओवी म्हटली नव्हती. आम्ही सुना हसलो. गंगू हसली नाही. पोर माझ्या मांडीवर टाकून, भरलं सूप घेऊन ती मावशीच्या दारात उभी राहिली. "मावशी, माह्यं जातं बिघडलं वं."

आतली घरघर थांबली. मग आवाज आला, "तुले कान हाये, पोरी."

आता गावात पिठाची गिरणी आहे. तिच्या फटफटीत सगळ्यांची पोटं सारखीच ऐकू येतात. मावशी जाऊनही कितीतरी वर्षं झाली. तरी एखाद्या पहाटे, गिरणी सुरू व्हायच्या आधी, तिच्या कुलूप लावलेल्या घरातून घरघर येते. मी ओट्यावर येते, तर समोर म्हातारी गंगू आधीच उभी.

"रिकामं हाये का वं?" मी विचारते.

ती डोळे मिटून ऐकते. "नाही बाई. जड बोलून राह्यलं."

तेव्हा कुठं मी आत जाऊन चूल पेटवते.