आलिझरिनमधला आल

इंटर सायन्सच्या दुसऱ्या टर्ममध्ये सेंद्रिय रसायनात काय वाढून ठेवलं आहे, हे आमच्या वर्गात एकट्या टर्मभाऊला ठाऊक होतं. आदल्या वर्षी बाप आजारी पडला म्हणून तो टर्म अर्धी टाकून आपल्या गावी, सोनगीरला गेला होता आणि आता तीच टर्म पुन्हा भरत होता. वयाने आमच्याहून बराच मोठा, लग्न झालेला. त्याचं खरं नाव हजेरीपुरतंच उरलं होतं.

अमळनेरच्या खाणावळीत नवीन पोरं त्याला घेरून बसत. तो घास चावून झाल्याशिवाय बोलत नसे. मग म्हणे, "पहिली टर्म पाव्हनी शे, भो. दुसरी घरमा राहाले येस." पहिल्या टर्मला कार्बनच्या सरळ साखळ्या, मोजत गेलं की झालं. दुसरीला त्या साखळ्यांची टोकं जुळून कडं होतं, आणि एकाच कड्यावर कोण कुठे बसलं यावरून नाव, वास, स्वभाव सगळं बदलतं. हे समजावायला तो आम्हां सहाजणांना गोल बसवी. "शेजारचा ऑर्थो, एक सोडीसन मेटा, समोरचा पॅरा." त्यानंतर आमच्यात वरणसुद्धा "पॅराकडे सरकव" असंच मागितलं जाई. एकदा कुणी कुरकुरला, "भाऊ, मेटाला तूप कमी आलं." टर्मभाऊ मान वर न करता म्हणाला, "तू ऑर्थोले बसता तरी तुले कमीच पडतं."

हसवायचा, पण स्वतः फारसा हसत नसे. तो रंगाऱ्याचा मुलगा होता. त्याच्या घरी आल नावाच्या झाडाच्या मुळ्या कुटून, तुरटी लावलेलं लुगडं त्या पाण्यात दिवसदिवस उकळून लाल रंग चढवत. मग परदेशातून लाल रंगाचे डबे आले आणि हंडे थंड पडले. पहिल्या महायुद्धात जर्मन माल बंद झाला तेव्हा ते पुन्हा चुलीवर चढले, लढाई संपली तसे पुन्हा उतरले. ते डबे जळगावात विकणाऱ्यांत माझे वडील होते. टर्मभाऊला हे पहिल्या आठवड्यातच कळलं. "म्हनजे तुन्हा बापनी आमनी हांडी पालथी कयी," एवढंच तो बोलला आणि आपल्या ताटातली पोळी माझ्या ताटात टाकली. ती मी खाल्ली.

आदल्या वर्षी वर्ग रंगांच्या धड्यापर्यंत पोचण्याआधीच तो गावी गेला होता. पण पुस्तकाच्या अनुक्रमणिकेत त्याने एक नाव वाचलं होतं: आलिझरिन. लाल रंग देणारं द्रव्य. त्याने साधा अर्थ लावला. आलिझरिनमध्ये आल आहे. गोऱ्या साहेबाने रंग आमचा घेतला आणि नावही आमचंच ठेवलं. गावी जाऊन त्याने आजारी बापाला, आबांना, हे सांगितलं. आबा उठून बसले म्हणे. नंतर सगळ्या आळीला बोलावून त्यांनी सांगितलं, की आपली विद्या मोठ्या पुस्तकात छापून आली.

आमचा वर्ग त्या धड्याशी पोचला. प्राध्यापकांनी सांगितलं, की हे द्रव्य मॅडर नावाच्या परदेशी झुडपाचं, आणि आता तर ते डांबरातून काढतात. टर्मभाऊचा विश्वास बसेना. वाचनालयातल्या जाड पुस्तकात मीच त्याला बारीक अक्षरातली तळटीप दाखवली: आलाच्या मुळीतलं द्रव्य वेगळं, आलिझरिनच्या नात्यातलं, पण वेगळं. त्याने ओळीखाली बोट ठेवून ती दोनदा वाचली. "म्हनजे चुलतभाऊ," तो म्हणाला. मला खरं शोधून काढल्याचा आनंद झाला होता. त्या आनंदाची मला आजही लाज वाटते.

संक्रांतीला तो मला सोनगीरला घेऊन गेला. "आबाले खरं सांगानं शे. एकलाले जमाव नही," असं गाडीत म्हणाला. नरडाण्याला उतरून बैलगाडीने गेलो. आबांना दिसत नव्हतं. शेजारचे दोघे-तिघे येऊन टेकले होते. आबांनी विचारलं, "तुन्हा बाप डबा इकस ना रे? मंग तूच सांग. पुस्तकमा आमना आल शे का नही?"

टर्मभाऊ माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "आहे, आबा. मी वाचलंय."

"हां, आबा," टर्मभाऊ म्हणाला. "आपलाच शे."

परतताना नरडाणं जवळ आलं. मी म्हटलं, "म्हातारा माणूस, त्याला काय कळणार आहे?" त्यावर तो म्हणाला, "त्यास्ले नही कळाव. माले कळस ना."

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. दार उघडंच होतं, माझा नंबर त्याच्यामागे. आलिझरिन कोणत्या झाडाचं, असा प्रश्न मी ऐकला. टर्मभाऊ म्हणाला, "आल." परीक्षक भले होते, त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला, विचार करून सांगा म्हणाले. टर्मभाऊ हळू आवाजात म्हणाला, "सर, मी घरी हेच सांगितलंय." परीक्षकांना त्यातून काही कळलं नसावं. पुढे काय विचारलं ते ऐकू आलं नाही. उरलेले प्रश्न तसेच सोडून तो खुर्चीवरून उठला. बाहेर येऊन तो सरळ जिना उतरला. आत मला तोच प्रश्न आला. मी मॅडर म्हणालो.

तो नापास झाला आणि कॉलेजात परत आला नाही. मी पास झालो, पुढे रसायनावरच पोट भरलं.

देशाला स्वातंत्र्य मिळाल्यावर काही वर्षांनी धुळ्याला एका गिरणीच्या रंगखात्यात माझं काम निघालं, तिथे तो भेटला. डब्यांतला रंग टाकीत ओतायचं काम करत होता. कोपरापर्यंत हात लाल.

"आबा गयात," तो म्हणाला. "शेवटला इचारत व्हतात, पास व्हयना का? मी हां सांगं. दुसरं खोटं सोपं गयं."

मग त्यानेच विचारलं, "तुलेबी तोच प्रश्न व्हता ना रे? तू काय सांगं?"

"मॅडर."

त्याने काठीने टाकीतलं कापड दाबून रंगाखाली घातलं. "बरं कयं," तो म्हणाला. "तू पोऱ्या व्हता का आबास्ना?" आणि रंग अंगावर उडेल म्हणून मला जरा लांब उभं राहायला सांगितलं.