ग्यानबाचे शेंदराखालचे देव

आमच्या गावच्या मारुतीच्या सभामंडपातली डाव्या हाताची भिंत लाल आहे, चिकट आहे आणि मधेच पोळ्यासारखी फुगलेली आहे. नवा माणूस आला की विचारतो, ही अशी काहून? एका वाक्यात सांगता येत नाही, म्हणून लिहून ठेवतो. लिहायची मला सवय नाही, पण ग्यानबाला पाहिलेले आम्ही आता थोडेच उरलो आहोत.

ग्यानबा शेतकरी. गाव शिरड शहापूर आणि जवळा बाजार यांच्या मधलं, जमीन काळी, बैलजोडी एक. पोळ्याला सगळं गाव बैलांची शिंगं रंगवायला त्याच्याकडे यायचं. लग्नघराच्या दाराशी हत्ती आणि भालदार काढायचे तर तोच काढायचा. शिंदीच्या काडीचं टोक दगडानं ठेचून तो कुंचला करी. गेरू, हळद आणि काजळी घरची, नीळ तेवढी जवळ्याच्या बाजारची. बोलायला फार कमी. चित्र काढताना तर जीभ दातांत धरून बसे, त्यामुळे बोलणं शक्यच नसे.

त्याचे सासरे संतराम, वारंगा गावचे, शेतीवाडीनं भरलेले आणि जिभेनं तिखट. पोरगा कलावंत आहे असं सोयरिकीच्या वेळी कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. ही कला एकदा डोळ्यांनी बघायची, असं त्यांनी तेव्हाच ठरवून टाकलं. दरवर्षी चैत्रात आमच्या सप्त्याच्या काल्याला ते गाडी जुंपून लेकीकडे येत. आपलं चित्र मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, एकदा बघावं, एवढीच ग्यानबाची इच्छा होती.

साल साधारण अडतीस-एकोणचाळीसचं असेल. सभामंडपाला नवा चुना झाला आणि माणिकराव पाटलांनी ती भिंत ग्यानबाला दिली. चुन्यावरचा रंग थंडीत धरतो, म्हणून काम दिवाळीच्या सुमारास करावं लागे. ग्यानबानं द्रोणागिरी घेऊन उडणारा मारुती काढला. एका हातावर डोंगर, डोंगरावर झाडं, झाडांवर पाखरंसुद्धा. शुक्रवारी सांजेला त्यानं मारुतीचे डोळे काढले आणि खूश होऊन घरी गेला.

दुसऱ्या दिवशी शनिवार. सकाळी येऊन बघतो तर शालूबाई भिंतीसमोर उभी. शालूबाई म्हणजे गल्लीतली सगळ्यांत म्हातारी. देवाधर्माच्या बाबतीत तिचा शब्द पाटलाच्याही वरचा. तिच्या हातात तेल आणि शेंदराची वाटी होती आणि मारुती गुडघ्यापर्यंत लाल झाला होता.

"शालूबाई, अवो चित्र हाय ते!"

"व्हय की. लई बेस काढलंस."

"मंग शेंदूर काहून लावून राहिल्या? देव आत हाय."

"आतला बी दगडच हाय, बापू. त्याला लावते, मंग ह्याला काहून न्हाई? ह्यानं काय घोडं मारलं?"

बाकीच्या बायांनी शालूबाईचं पाहून तेच केलं. चैत्र येईपर्यंत मारुती, डोंगर, पाखरं सगळं एका लाल गोळ्यात गेलं. संतराममामा आले, भिंतीसमोर उभे राहिले. मान इकडून तिकडून वाकवून पाहिलं.

"जावईबापू, सगळी लालच करायची व्हती तर येवढी मेहनत कशाला? त्या ग्यानबानं भिंत चालवली म्हणतात, आमच्या ग्यानबानं बुजवली!"

सगळा सभामंडप हसला. ग्यानबाही हसला, पण त्या दिवशी काल्याचा प्रसाद त्यानं नेऊन बैलाला घातला, असं त्याची बायको पार्वतीबाई सांगायची.

पुढच्या वर्षी ग्यानबानं लाल भाग खरवडून पुन्हा चुना दिला आणि कृष्ण काढला. कृष्णाला शेंदूर लावत नाहीत, हा त्याचा हिशेब. हिशेब बराबर होता. पण ते दिवस कार्तिकातल्या काकड्याचे. पहाटेच्या आरतीला लोण्याचा नैवेद्य असतो. समोर तोंड उघडून हसणारा बाळकृष्ण दिसल्यावर बायांना राहवेना. जिनं तिनं बोटभर लोणी त्याच्या तोंडाला लावलं. पाटलाचं वासरू सुटून देवळात शिरलं. लोणी, खाली चुना, दोन्ही त्याच्या आवडीचं. कृष्णाचं तोंड, गळा आणि अर्धी बासरी त्यानं चाटून साफ केली.

ग्यानबा धावत शालूबाईकडे गेला.

"वासरू किस्नाला चाटणार न्हाई तर काय तुला चाटंल?" ती म्हणाली. "उलटं चांगलं झालं. वळखलं त्यानं."

त्या चैत्रात मामांनी बिनतोंडाचा कृष्ण बघितला आणि ते पाठ फिरवून जेवायला गेले. ते पाठ फिरवणं ग्यानबाला जास्त लागलं.

तिसऱ्या वर्षी त्यानं रावण काढायचं ठरवलं. माणिकराव पाटील भडकले.

"मारुतीच्या देवळात रावन? तुझं डोस्कं हाय का जाग्यावर?"

"मालक, लंका जाळली कुनाची? रावनाची. मंग तो पायजेच की."

पाटलांना ते पटलं. ग्यानबानं दहा तोंडांचा, वीस डोळ्यांचा रावण असा काढला की कुत्री लांबून भुंकायची. शेंदूर नाही, लोणी नाही, कुंकवाचं बोटसुद्धा नाही. ग्यानबा रोज येऊन लांबून बघून जाई आणि खूश होई.

मग शेजारच्या तांड्यावरची भिकाबाई कडेवर लेकरू घेऊन आली. लेकरू सकाळपासून रडत होतं. रावण दिसताच ते गप्प झालं. एकेका तोंडाकडे बघत ते अखेर झोपलं. भिकाबाईनं तिथंच हात जोडले. बातमी तांड्यावर गेली, तांड्यावरून गावात. पुढच्या शनिवारी रडक्या पोरांच्या आयांची रांग लागली.

"बाई, रावन हाय तो," ग्यानबानं काकुळतीला येऊन सांगितलं.

"असंल. माझं पोरगं निजवलं त्यानं," भिकाबाई म्हणाली. "तुमच्या रामानं निजवलं व्हतं का?"

आता नैवेद्य दाखवायचा तर दहा तोंडांना. एकाला द्यावं आणि नऊ उपाशी ठेवावी, हे कुणाच्या मनाला येईना. जवारीच्या पिठाचे दहा-दहा मुटके भिंतीला चिकटू लागले. चैत्रात मामा आले आणि म्हणाले, "जावईबापू, भिंतीला आग्या मोहळ लागलंय व्हय?"

त्या रात्री ग्यानबानं कुंचले चुलीत घालायला काढले. पार्वतीबाईनं ते हिसकून घेतले.

"अवो, डोळे उघडता म्हणून त्यात देव येतो. देव येतो म्हणून शालूबाई येती. डोळेच उघडू नका की!"

आमच्याकडची रीतच तशी. मूर्ती असो की चित्र, डोळे शेवटी. डोळे उघडेपर्यंत तो नुसता रंग, त्याला कुणी हात जोडत नाही. ही रीत ग्यानबाला पाठ होती, पण ती अशी वापरता येईल हे तीन वर्षांत त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

चौथ्या वर्षी त्यानं पुन्हा डोंगर घेतलेला मारुती काढला, पहिल्यापेक्षा मोठा. डोळ्यांच्या जागी दोन पांढरे डाग सोडले आणि सांगितलं, मामा आले की उघडीन.

शालूबाई वाटी घेऊन आली, बघितलं आणि तशीच मागं फिरली. दर शनिवारी येई आणि दर शनिवारी पुटपुटत जाई. हळूहळू गावाला त्या पांढऱ्या डागांची भीती वाटायला लागली. बाया पदर तोंडावर घेऊन तिथून जात. कुणाची शेळी हरवली तरी लोक म्हणत, त्यालाच दिसंना तर आपलं काय राखणार! अखेर पाटलांचा बैल लंगडायला लागला, तेव्हा पाटील स्वतः आले.

"ग्यानबा, देवाला आंधळं ठिवतो का?"

"आंधळा न्हाई मालक. झोपलाय."

"मंग उठव!"

"मामा आल्यावर उठवतो."

"देव तुझ्या सासऱ्यासाठी खोळंबलाय व्हय?"

ग्यानबा खाली मान घालून उभा राहिला, पण कुंचला काही उचलला नाही. इतका भित्रा माणूस पाटलापुढे अडून राहिलेला आम्ही त्याच वेळी पाहिला.

काल्याचा दिवस उजाडला. दहीहंडी टांगून झाली, कीर्तन संपत आलं, तरी मामांच्या गाडीचा पत्ता नाही. शालूबाईसकट सगळ्या बाया शेंदराच्या वाट्या घेऊन भिंतीसमोर ओळीनं बसल्या होत्या. टाळकरी तोच अभंग पुन्हा पुन्हा म्हणत होते. मी त्यांच्यातच होतो, माझी बोटं सोलून निघाली होती. एवढ्यात वेशीतून घुंगरं वाजली.

मामा अंगावरची धूळ झटकत आत आले. "काय रं, समदे काहून थांबलेत?"

"तुमच्यासाठीच, पाहुणं," शालूबाई म्हणाली. "बसा आन् बघा येकदाचं. आमचे हात अवघडले."

ग्यानबा भिंतीशी ठेवलेल्या लाकडी माचीवर चढला. जीभ दातांत धरली. डावा डोळा झाला, मग उजवा. त्यानं काजळीचा शेवटचा ठिपका दिला आणि बाजूला सरकला. मारुती सगळ्यांकडे बघत होता. टाळ आपोआप थांबले. मामांची तिखट जीभसुद्धा हलेना.

मग मामा उठले. डोक्यावरचं पागोटं काढून त्यांनी खाली ठेवलं. शालूबाईच्या हातातली वाटी घेतली, पूर्ण पंजा शेंदरात बुडवला आणि मारुतीच्या छातीवर उमटवला.

"बाबा! काय करून राहिले!" पार्वतीबाई ओरडली.

ग्यानबा माचीवरून खाली वाकला. "मामा... तुमी पायलं तरी का?"

"पायलं की!" मामा म्हणाले. "पायलं म्हणून तर हात गेला. कशी नजर हाय रं त्याची! म्या काय दगड हाय, नुसता बघत उभा राहायला?"

ग्यानबानं त्या लाल पंजाला बोट लावून पाहिलं. बाया उठल्या होत्या, पण कुणाचा हात पुढे होत नव्हता. सगळ्या ग्यानबाकडे बघत होत्या. त्यानं डोळे पुसले, खाली उतरला आणि माची सरकवून बायांसाठी वाट केली.

"शालूबाई, खांद्यापासून घ्या," तो म्हणाला. "थितं जागा लई हाय."